मधले चार बाइट

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सेन्सर हाताळणाऱ्या तुझ्या लिनक्स ड्रायव्हरचा कोड, दोन्ही सावकाश वाचले. एकाच डिव्हाइस फाइलवरून (ड्रायव्हरकडून माहिती घेण्याच्या फाइलवरून) ६४-बिट प्रोग्राम वेळ अचूक वाचतो आणि कारखान्यातल्या पीसीवरचा जुना ३२-बिट प्रोग्राम मात्र भलतीच मोठी संख्या दाखवतो, असे तू लिहितोस. कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, घड्याळाला यात दोष देता येणार नाही.

तुझ्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एका नोंदीच्या मेमरीतल्या मांडणीत, आधी चार बाइटांचा सेन्सर क्रमांक आहे आणि त्याला लागून आठ बाइटांची वेळ. ६४-बिट कर्नेलसाठी कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) या दोहोंमध्ये चार बाइट रिकामे सोडतो, कारण आठ बाइटांची संख्या त्याला आठच्या पटीतल्या पत्त्यावर हवी असते. म्हणून स्ट्रक्चर १६ बाइटांचे होते. एक्स८६ या पीसीतल्या प्रोसेसरच्या ३२-बिट नियमांत चारच्या पटीतला पत्ता चालतो, त्यामुळे तिथे तेच स्ट्रक्चर १२ बाइटांत बसते. जुना प्रोग्राम १२ बाइट मागतो, तुझा ड्रायव्हर १६ पैकी पहिले १२ देतो, आणि रिकाम्या जागेत जे असेल ते वेळेचा खालचा अर्धा भाग ठरते, तर खरा खालचा भाग वरच्या जागी जाऊन बसतो. (एआरएम या दुसऱ्या जातीच्या ३२-बिट प्रोसेसरवर हा घोटाळा दिसला नसता, तिथेही आठचीच शिस्त आहे.)

कोडमध्ये प्रिंटके (कर्नेलमधून संदेश छापणाऱ्या ओळी) वाढवण्याआधी दोन्ही प्रोग्राम एसट्रेसखाली चालव; प्रोग्राम कर्नेलकडे काय मागतो ते हे साधन दाखवते. रीडच्या, म्हणजे वाचण्याच्या मागणीच्या, ओळीत एकीकडे १६ आणि दुसरीकडे १२ दिसेल. पाहोल हे साधन स्ट्रक्चरमधली पोकळी नेमकी कुठे आहे तेही दाखवते. वेळ आधी आणि क्रमांक नंतर घेतला तरी एकूण आकार १६ आणि १२ असाच राहतो, आणि एका रीडमध्ये अनेक नोंदी पाठवल्यास दुसऱ्या नोंदीपासून सगळे सरकते. म्हणून क्रमांकानंतर चार बाइटांचे राखीव फील्ड स्वतःच घाल आणि स्ट्रक्चर भरण्याआधी ते संपूर्ण शून्य कर. मला खरी काळजी याच शून्य करण्याची आहे, कारण आज त्या पोकळीतून कर्नेल स्टॅकवरचे (कर्नेलच्या तात्पुरत्या मेमरीतले) जुने बाइट कोणत्याही प्रोग्रामच्या हाती जाऊ शकतात.

आयऑक्टलच्या (डिव्हाइसला खास आज्ञा देण्याच्या) फंक्शनमध्ये तू कॉपी_टू_यूझरचे, म्हणजे कर्नेलमधून प्रोग्रामच्या मेमरीत कॉपी करणाऱ्या फंक्शनचे, उत्तर जसेच्या तसे परत करतोस. ते उत्तर म्हणजे कॉपी न झालेल्या बाइटांची संख्या. कॉपी अर्धवट राहिली तर ती धन संख्या प्रोग्रामला यश वाटते. उत्तर शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा त्रुटी-क्रमांक) परत कर. शिवाय ही कॉपी स्पिनलॉक (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारे कुलूप) धरून चालली आहे, तीही तिथून बाहेर काढ: यूझरचे पान मेमरीत नसेल तर कर्नेलला थांबावे लागते, आणि स्पिनलॉक हातात असताना थांबता येत नाही. लॉकमध्ये स्थानिक प्रत घे, लॉक सोड, मग कॉपी कर.

हे बदल केल्यावर दोन्ही प्रोग्रामांचे एसट्रेसचे आउटपुट आणि त्याच वेळचा डीमेसेज (कर्नेलच्या संदेशांची नोंद) मला पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध