भरला काटा, रिकामा काटा

कोल्हापूर,
रविवार, रात्रीचे साडेदहा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण बाबा, तुम्ही फोनवर "बरं आहे ना? हं, आईशी बोल" याच्या पुढं जात नाही, आणि कागद हातात पडला की लाल पेन शोधून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. तेवढ्यासाठी हा उद्योग. घरी सगळे बरे आहेत, धाकट्याची परीक्षा झाली, आईची गोळी पुढच्या शनिवारी घेऊन येते.

मी महिन्यातल्या दोन रविवारी संध्याकाळी कुठं जाते, हे तुम्हाला "मैत्रिणींकडं" एवढंच माहीत आहे. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. शिवाजी पेठेत एका घराच्या माडीवर आम्ही दहा-बाराजण जमतो आणि आपापल्या कविता वाचतो. बैठकीला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. चहा आणि भडंग असतं. बँकेतून निवृत्त झालेल्या एक वहिनी आहेत (माडी त्यांचीच), मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करणारे काका आहेत, एक रिक्षावाला दादा, एक निवृत्त गुरुजी, विद्यापीठाच्या होस्टेलवर राहणारी एक पोरगी, आणखी असेच कोणी कोणी. बहुतेकांची ओळख करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तकं बदलताना झाली. १८५० पासून त्या वाचनालयानं किती लोकांना असं एकमेकांच्या गळ्यात बांधलं असेल, कोण जाणे.

आमच्यात नियम एकच. कविता ऐकून नुसतं "छान" म्हणायचं नाही. कुठली ओळ मनात राहिली ते सांगायचं, आणि कुठं मन भरकटलं तेही. सुरुवातीला मला हे फार जड गेलं. मी दोन-चार कविसंमेलनं पाहिलेली. तिथं लोक "वा, वा" म्हणतात ते पुढचा नंबर आपला आहे म्हणून, हे तुम्हीच एकदा म्हणाला होता. या माडीवर पहिल्यांदा माझी कविता वाचून झाली, तेव्हा गूळवाले काका बराच वेळ भडंगातला लसूण बाजूला काढत बसले. मग म्हणाले, "ताई, गुळव्या काय करतो, काहिलीतला पाक पळीभर पाण्यात टाकतो. त्याची गोळी झाली की काहील उतरवायची. तुमची गोळी तिसऱ्या ओळीलाच झाली होती. पुढं उगंच जाळ घातलाय." मला राग आला. घरी येताना रिक्षात कविता परत वाचली आणि तिसऱ्या ओळीखालच्या सहा ओळी खोडल्या.

रिक्षावाल्या दादांची गोष्ट सांगायलाच हवी. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. तुम्ही तेव्हा फोनवर काही बोलला नव्हता, आई म्हणाली की जेवलाही नाहीत. तिथंच तुम्ही मला पहिलं संगीत नाटक दाखवलं होतं; मी दुसऱ्या अंकात झोपले आणि तुम्ही मला मांडीवर घेऊन तिसरा पाहिलात. दादांनी त्या आगीवर कविता केली. वर्षानुवर्षं नाटक सुटल्यावरचं भाडं मारणारा माणूस, त्याच्या कवितेत कलेचं मंदिर वगैरे काही नव्हतं. शेवटी एवढंच होतं की आज इथं एवढी गर्दी होती, पण मला भाडं मिळालं नाही, सगळे चालतच आले होते. कोणी काही बोललं नाही. नियम मोडला आम्ही. बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाल्या, "दादा, परत एकदा वाचता?" त्यांनी परत वाचली. दाद द्यायची यापेक्षा मोठी रीत मला तरी माहीत नाही.

गुरुजी म्हणतात की यात नवं काही नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं, तेव्हा ती मंडळीसुद्धा अशीच एकत्र बसून एकमेकांना कविता ऐकवायची. त्यातले माधव ज्युलियन पुढं आपल्या राजाराम कॉलेजात शिकवायला आले, हे सांगताना गुरुजींचा आवाज तुमच्यासारखाच चढतो. मी सांगितलं, आमच्या बाबांकडं त्यांची वृत्तांवरची 'छंदोरचना' आहे, पुठ्ठा निघालेली, रिकाम्या साखरेच्या पोत्याच्या दोऱ्यानं शिवलेली. "साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि छंदोरचना वाचायचे?" गुरुजींचा विश्वास बसेना. म्हटलं, काट्यावर होते म्हणूनच वाचत असतील.

आता मुद्द्याचं. मी नववीत असताना तुम्हाला एक कविता दाखवली होती, आठवते का? दाखवली म्हणजे तुमच्या डब्याच्या पिशवीत वही सरकवली. त्यातली पहिली ओळ होती:

उसाची निघाली पहाटेस गाडी

आणि दुसरी:

बैलांच्या गळ्याला घुंगरांची माळ

वही परत आली तेव्हा पहिल्या ओळीवर लाल शाईत भुजंगप्रयात वृत्ताचं ल-गा-गा (लघु-गुरु-गुरु) चार वेळा लिहून बरोबरची खूण होती, आणि दुसरीखाली: "अक्षरं १२ भरली, पण काटा बसत नाही. भुजंगप्रयातात पहिलं अक्षर लघु." बस्स. छान नाही, वाईट नाही. मी रडले, आणि त्यानंतर तुम्हाला एकही कविता दाखवली नाही. सव्वीस वर्षं झाली. तुम्हाला हे माहीत नसेल.

काट्यावरचा माणूस काय करतो, हे तुम्ही मला लहानपणी समजावलं होतं. भरलेली गाडी तोलायची, रिकामी गाडी तोलायची, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. गाडीवान उसाचे पैसे घेतो, गाडीचे नाही. तुमच्या काट्यावर काटामारी होत नाही म्हणून आजूबाजूच्या गावांतली माणसं तुमची पाळी बघून गाडी लावायची, हे आई अजून सांगते. मी त्या वेळी एवढंच धरून बसले की लेकीच्या कवितेला तरी थोडं वजन जास्त दाखवायला काय हरकत होती.

गेल्या महिन्यात माळा आवरताना ती वही सापडली. पानं तपकिरी झालीत, लाल शाई अजून लाल आहे. आणि बाबा, पानाच्या उजव्या कोपऱ्यात, काट्याच्या नोंदवहीत लिहायचा तशा बारीक अक्षरात: "रा. ३.२०." मला आधी कळलंच नाही हे काय. मग कळलं. हंगाम होता, रात्रपाळी होती, बाहेर गाड्यांची रांग असणार. दोन गाड्यांच्या मध्ये तुम्ही ती वाचलीत, आणि सवयीनं वेळ टाकलीत.

वही मी माडीवर नेली. सगळ्यांच्या हातांतून फिरत गेली ती. गूळवाले काका म्हणाले, "हा आपला माणूस." मग सगळ्यांनी मिळून मला दुसरी ओळ दुरुस्त करायला बसवलं. तासाभरानं झाली:

निजेतून जागी उठे सर्व वाडी

वृत्तात बसली. गुरुजींनी टाळी दिली. तेवढ्यात रिक्षावाले दादा म्हणाले, "पण ताई, घुंगरं कुठं गेली?" खरंच की. काटा बसला आणि गाडीचे बैलच गायब! आता तुम्ही सांगा, यातलं खरं वजन कुठल्या ओळीचं?

अजून एक निवाडा हवा आहे. होस्टेलवरच्या पोरीनं मागच्या वेळी कविता वाचली. ती कागल तालुक्यातली, बोलते आपल्यासारखी. कवितेत तिनं लिहिलंय, "येतो म्हणालो आणि निघालो, आई दारातच उभी, बस सुटल्यावरही." गुरुजी लगेच म्हणाले, मुलीच्या तोंडी 'येते, म्हणाले, निघाले' हवं. पोरगी गप्प झाली. काका उसळले, "आमच्या घरातल्या समद्या पोरी 'येतो'च म्हणतात, त्यांना काय मिशा हायत?" वहिनी म्हणाल्या, 'येते' केलं की ती पोरगी कोल्हापूरची राहत नाही, कुठलीही होते. अर्धा तास हाच वाद. मीही 'येतो' म्हणतच वाढले. या पत्रात 'येते' लिहितेय ते तुमच्या लाल पेनाला भिऊन. पोरीनं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि या रविवारी काही वाचलंच नाही. तिचा चेहरा बघून मला माझी नववी आठवली.

म्हणून तिला विचारून ती कविता नकलून सोबत पाठवतेय. उजवीकडं समास मोठा सोडलाय. जे काय असेल ते लिहा, काटामारी नको. फक्त एक मागणं आहे. चूक दाखवलीत की जी ओळ मनात राहिली तिच्याखालीही रेघ मारा. आणि वाचाल तेव्हाची वेळ कोपऱ्यात टाका, तिला मी सांगून ठेवलंय.

आई, तुझ्याबद्दल काहीच लिहिलं नाही असं वाटेल. गेल्या महिन्यात फोनवर तुला वहिनींची कविता वाचून दाखवली होती, पहाटे उठून माहेरची पिशवी भरणाऱ्या सुनेची. तू म्हणालीस, "मला काय कळतंय त्यातलं," आणि लगेच, "व्हय गं, पर ती सून पुढं काय करती?" मी ते वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. त्या उठून आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. आम्हाला वाटलं, वाईट वाटलं की काय.

शनिवारी दुपारच्या एसटीनं येते.

तुमची
ताई

ता. क. आई, सून माहेरी गेली नाही. वहिनींनी आज चार ओळी वाढवून आणल्या होत्या. पिशवी भरून तिनं ती परत फळीवर ठेवली, नि चहाला आधण ठेवलं.