शंकरपट, मॅसॅच्युसेट्सचे घोडे आणि आपल्या झडत्या

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “चर्चमध्ये तू कोणतं गाणं म्हटलं?” आणि तेवढ्यात फोन कटला. तसंही ते दोन वाक्यांत सांगून झालं नसतं, म्हणून लिहायलाच बसले.

४ ऑक्टोबर हा प्राण्यांचा कैवारी मानल्या जाणाऱ्या संत फ्रान्सिसचा दिवस. जागतिक प्राणी दिनही तोच. त्या निमित्ताने बोस्टनजवळच्या आमच्या गावातली हौशी मंडळी चर्चच्या हॉलमध्ये जमली आणि संध्याकाळभर फक्त जनावरांची गाणी म्हटली. तिकीट नव्हतं. दाराशी एक डबा ठेवलेला. त्यात जमलेले पैसे बेवारशी कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्याला. गाणारे बहुतेक तुमच्याच वयाचे. सुराचं विचारू नका! (आणि पुढच्याच महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ही मंडळी टर्की भाजणार, हेही मनात आलं. बोलले नाही.)

एक गाणं मात्र आत लागलं. ‘दोना दोना’, मूळ यिद्दिश भाषेतलं, १९४०च्या सुमाराचं. गाडीत बांधून बाजाराला नेलेलं वासरू आणि वर मोकळी उडणारी पाकोळी, एवढंच त्यात आहे. आई, आपला पांढरा गोऱ्हा विकला त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. ते गाणं तू ऐकायला हवं होतंस.

बाबा, आता तुमच्या कामाचं, म्हणजे शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतीचं. १८६८च्या फेब्रुवारीत याच मॅसॅच्युसेट्समध्ये दोन घोड्यांची पैज लागली. चाळीस मैल, खराब रस्ता, प्रत्येकामागे दोन-दोन माणसं. दोन्ही घोडे मेले. जॉर्ज एंजेल नावाच्या वकिलाने ते वाचलं, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, माणसं गोळा केली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध संस्थाही उभी राहिली, कायदाही झाला. पुढे १८८२पासून त्याने मुलांची मंडळं काढली. त्यांत मुलं प्राण्यांशी दयेने वागण्याची शपथ घेत आणि गाणी म्हणत. आमच्या कार्यक्रमाची कल्पना तिथूनच घेतलेली.

तुमचं नेहमीचं म्हणणं, शंकरपटाचा बैल लेकरासारखा सांभाळतात. ढेप, सरकी, अंडी, सगळं त्यालाच. खरं आहे, मी पाहिलंय. पण पैजेला जातं ते खास जनावरच ना? मरतुकड्या घोड्यावर कोण पैसा लावतो? जीव लावला म्हणून पराणीची, बैल हाकायच्या काठीची, आर बोथट होत नाही. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा तुम्ही जे रागावलात, ते २०२१च्या डिसेंबरात शर्यती पुन्हा सुरू झाल्यावरच निवळलात. २०२३मध्ये घटनापीठानेही परवानगी कायम ठेवली, तेव्हा तुम्ही जिंकलात म्हणा. पण टोचायचं नाही, मारायचं नाही, या अटी तुमच्या त्या पटावर कोण पाळतं, तेवढं प्रामाणिकपणे लिहून कळवा. भांडण पुढच्या वेळी प्रत्यक्ष.

माझी पाळी आली तेव्हा मी आधी पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदमळणीचं सांगितलं. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडतात, तिथे तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात म्हणायचं, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.” जनावराला रीतसर जेवणाचं आमंत्रण! मग पोळ्याच्या तोरणाखाली तुम्ही म्हणायचात ती झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली. अर्धीच आठवली, पण शेवटचं “एक नमन गौरा पार्वती, हर बोला” आल्यावर अख्ख्या हॉलने “हर हर महादेव” केलं. पहिल्यांदा चाचरत, दुसऱ्यांदा छप्पर हलवून.

नंतर एका आजींनी विचारलं, बैल म्हातारा झाल्यावर काय करता? आपल्या गवळाऊ जातीच्या जोडीतला थोरला शेवटपर्यंत गोठ्यात होता, ते मी सांगितलं. पण सगळ्यांना ते परवडत नाही, कडब्याचा भाव काय झालाय, २०१५च्या कायद्यानंतर बैल कापायला विकता येत नाही आणि कोणी कोणी रात्रीचं दावं सोडून देतात, हेही सांगितलं. आजी गप्प झाल्या. माझ्याकडेही पुढचं उत्तर नव्हतं.

पुढच्या वर्षी मला पूर्ण झडत्या म्हणायच्या आहेत. बाबा, आठवतील तितक्या वहीत मोठ्या अक्षरात उतरवा. मोतीबिंदूमुळे दिसत नसेल तर तुम्ही सांगा आणि आई लिहील. आणि ऑपरेशनची तारीख आता ढकलू नका. दिवाळीआधी उरकलं तर मी रजा टाकते.

तुमची,
मनू