शिबिराच्या वह्या ग्रंथालयात ठेवा

महोदय,

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरासाठी मी यंदा जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले होते. रोज रात्री शाळेच्या ओट्यावर टॉर्चच्या उजेडात वही लिहायचे. ओढ्याचं पाणी अडवणाऱ्या वनराई बंधाऱ्याला मातीने भरलेल्या किती गोण्या लागल्या (११२, मीच मोजल्या), कुठली विहीर कधी आटते, नागलीच्या भाकरीचं पीठ कसं मळतात. चौथ्या दिवशी एका आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. त्यांना विचारूनच मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, मग लगेच ऐकवल्या. स्वतःचा आवाज ऐकताना त्या तोंडाला पदर लावून बसून राहिल्या.

परतल्यावर कॉलेजने मागितलं काय? दोन पानी अहवाल आणि बॅनरसह फोटो! वही कुणी उघडून पाहिली नाही. दत्तक गाव तेच असतं. पुढची तुकडी जाते आणि त्याच विहिरीबद्दल तेच प्रश्न पुन्हा विचारते. गावकऱ्यांनी किती वेळा सांगायचं?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांच्या लाखभर ओव्या जमवल्या, म्हणून त्यातल्या कित्येक आज ऐकता येतात. आम्हाला तेवढं जमणार नाही. पण शिबिरार्थींच्या वह्या आणि ध्वनिमुद्रणं कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवायला, एक प्रत गावच्या शाळेला द्यायला काय हरकत आहे? विद्यापीठाने तसं परिपत्रक काढावं.

आजींचा आवाज सध्या फक्त माझ्या मोबाइलमध्ये आहे.

– एक स्वयंसेविका, लालबाग, मुंबई