फराळाचं पोस्टर वाचतं कोण?

संपादक महोदय,

दिवाळी जवळ आली की इन्स्टाग्रामवर बचत गटांची फराळाची पोस्टरं दिसू लागतात. एकाच चित्रात बारा पदार्थ, बारा दर, तीन मोबाइल क्रमांक आणि कडेला झेंडूचं तोरण. मोबाइलवर त्यातलं काहीही वाचता येत नाही.

नवं गिऱ्हाईक हवं असेल तर रील, म्हणजे छोटा व्हिडिओ, करावी, कारण ती फॉलो न करणाऱ्यांनाही दाखवली जाते. व्हिडिओ उभा, ९:१६ मापात घ्यावा. सुरुवातीला गटाचं नाव, नमस्कार वगैरे नको. सोऱ्यातून कागदावर वळत जाणारी चकली पहिल्या दोन सेकंदांतच दिसली पाहिजे. वीस-पंचवीस सेकंद पुरतात. दर अगदी तळाशी लिहिला तर अ‍ॅपच्या अक्षरांखाली आकडा झाकला जातो. अनेक जण आवाज बंद ठेवूनच पाहतात, त्यामुळे बोललेलं मराठीत पडद्यावरही हवं.

दरपत्रक द्यायचं तर अनेक चित्रांची एक पोस्ट बरी: प्रत्येक चित्रात एकच पदार्थ, वजन, दर. कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, ती प्रोफाइलमध्ये द्यावी.

इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत नाहीशी होते आणि ती पाहणारे बहुतेक ओळखीचेच. ‘आज वीस पाकिटं शिल्लक’ एवढ्यापुरती ती ठीक. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचं आणखी वेगळं. समोरच्याने आपला क्रमांक सेव्ह केला नसेल तर त्याला ते दिसतच नाही. ऑर्डर घेतानाच क्रमांक सेव्ह करायला सांगावं.

— एक वाचक, सातारा