जमिनीवर झोपणाऱ्यांनो, मच्छरदाणी घ्या

मा. संपादक,

शिमगा सरला की बेळगाव-खानापूरकडच्या खेड्यांत अंथरुणं घराबाहेर येतात. ओट्यावर, अंगणात, नाहीतर गोठ्याशेजारी सतरंजी टाकून माणसं झोपतात. उकाडा वाढतो तसे सापही रात्रीचेच हिंडतात. नाग, घोणस, फुरसं यांची धास्ती सगळ्यांनाच असते. मला काळजी वाटते ती मण्यारीची.

घोणस डसली तर माणूस ओरडतो, पाय सुजतो, घर जागं होतं. मण्यार मात्र अंथरुणात शिरून डसते आणि झोपलेल्याला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. दाताच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. ओवा चावायला देण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात श्वास मंदावतो. म्हणून जमिनीवर झोपलेल्याची पहाटे अशी अवस्था झाली, तर चावल्याची खूण दिसो न दिसो, थेट दवाखाना गाठावा. खाट नसेल तर निदान मच्छरदाणी हवी, तीही कडा अंथरुणाखाली नीट खोचून. नुसती टांगलेली काय कामाची?

बाकीचं सगळ्यांना ठाऊक असतं, पाळलं जात नाही. शेणीच्या हुडव्यात, म्हणजे गोवऱ्यांच्या ढिगात, किंवा पिंजराच्या (पेंढ्याच्या) गंजीत न बघता हात घालू नये. काजूच्या बिया वेचताना आधी काठीने पाचोळा हलवावा. रात्रीची थ्री फेज वीज आली, पंप चालू झाला म्हणून उसाला पाणी पाजायला निघालात, तर बॅटरी आणि गमबूट हवेतच.

साप चावल्यावर दोरी आवळणं, ब्लेड मारणं, देवळात नेणं अजून चालू आहे. मांत्रिकाला यश येतं, कारण चावणारी पुष्कळदा धामण किंवा दिवड असते, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. साप मारून दवाखान्यात न्यायचीही गरज नाही; नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष एकच. अंगठी-बांगड्या काढाव्यात, चावलेला हातपाय हलू देऊ नये आणि १०८ ला फोन लावावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने सर्पदंश अधिसूचित आजार ठरवला. त्यामुळे दवाखान्यांना प्रत्येक दंशाची माहिती आरोग्य खात्याला कळवावी लागते. चांगलंच झालं, पण ही नोंद चावून झाल्यावरची. कणकुंबी-जांबोटीकडून मध्यरात्री निघालेल्या गाडीने आरोग्य केंद्रात थांबायचं की सरळ बेळगाव गाठायचं, हे वाटेत फोन लावून शोधायची पाळी येऊ नये. कोणत्या केंद्रात प्रतिविष आणि डॉक्टर रात्रीही मिळतात, याचा फलक आरोग्य खात्याने आत्ताच प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि दूध डेअरीवर लावावा, कन्नडबरोबर मराठीतही. तीच यादी आपल्या दैनिकाने दर उन्हाळ्याच्या तोंडावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव