खदानीवर आलेल्या जवानांना, एका मामाचं पत्र

मुंबई अग्निशमन दलाच्या त्या तुकडीस,
सप्रेम नमस्कार.

तुमची नावं विचारायची राहून गेली. ती वेळही नव्हती म्हणा. म्हणून हे पत्र असं उघड लिहितोय. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीमागच्या बंद पडलेल्या खदानीवर जे आले होते, त्यांनी ते आपलंच समजावं. माझा भाचा तिथे बुडाला. तुम्ही त्याला बाहेर काढलंत. जिवंत नाही, तरी आभार मानायचेच आहेत.

१०१ ला फोन गेला आणि तुमची गाडी येईपर्यंत काठावर जत्रा जमली होती. निम्म्यांच्या हातात मोबाइल. जो तो वेगळीकडे बोट दाखवत होता. तुमच्यातल्या वयाने थोराड जवानाने भाच्याच्या दोन मित्रांना गर्दीतून बाजूला घेतलं, दोघांना तेव्हा ते जिथे उभे होते त्याच दगडांवर नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "डोकं शेवटचं कुठे दिसलं, तिकडे हात कर. त्याच्याकडे बघू नको, तुझं तू सांग." दोन हातांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे तुम्ही खुणेचा डबा सोडलात आणि शोध तिथून सुरू केलात. तोवर वस्तीतले पोहणारे पोरगे नुसतेच बुड्या मारून दमले होते. त्यातल्या एकाला तर बाकीच्यांनी ओढून वर घेतलं. आणखी एक जीव जायचा तो थोडक्यात वाचला.

पाण्यात एक जण, काठावर त्याचा दोर धरून एक, आणि अंगावर सगळं चढवून तयार बसलेला तिसरा. तो तिसरा कशाला, हे मला नंतर कळलं: खालचा अडकला तर त्याला आणायला. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं आम्ही सगळे म्हणत होतो. तुमच्या एकाने सांगितलं, साधी हवाच दाबून भरलेली असते. दोराला झटके देऊन बोलणं चाललं होतं. अर्धगोल फिरायचं, दोर थोडा सोडायचा, पुन्हा अर्धगोल. खदानीचं पाणी वरून हिरवं दिसतं, खाली गेलं की काळोख. तळाला सुरुंगाने फोडलेल्या दगडाच्या कपारी, गाळ, सळया, जाळ्या आणि वस्तीने वर्षानुवर्षं फेकलेली घाण. त्यात हाताने चाचपत माणूस शोधायचा.

अंधार पडला तसं तुम्ही काम थांबवलंत. जमावातून आवाज चढला, शिव्याही आल्या. तुमचे अधिकारी गर्दीशी भांडले नाहीत. ते थेट माझ्या बहिणीसमोर येऊन बसले. "ताई, आता आत माणूस पाठवला तर त्याच्या घरी पण असंच सांगायला जावं लागेल. उजाडलं की येतो." माझे आजोबा गोदीत हमाल होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, आग विझवायला गेलेले तुमच्या दलाचे ६६ जण त्यात गेले, हे आम्ही त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे असेल, मला तुमचं थांबणं पटलं. बहिणीला त्या रात्री काहीच पटण्यासारखं नव्हतं. उजाडताना तुम्ही हजर होतात, आणि तो सापडला. वर आणण्याआधी तुम्ही चादर मागवलीत आणि मोबाइलवाल्यांना मागे रेटलंत. पुढचं पंचनामा, पोस्टमार्टेम वगैरे, ते सोडा.

खरे आभार वेगळेच आहेत. भाच्याचा जो मित्र त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर कपडे घालत होता, तो रात्रभर एकच म्हणत होता: "त्याने हाक मारली असती तर मी गेलो असतो. मला ऐकूच कसं आलं नाही?" घरच्यांनी समजावलं, पण आमचं समजावणं म्हणजे नुसतं "जाऊ दे रे". निघताना तुमच्यातला तो थोराड जवान ओल्या कपड्यांतच त्याच्याशेजारी टेकला. म्हणाला, बुडणारा माणूस बहुतेक वेळा हाक मारतच नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा असतो, ओरडायला हवा उरत नाही. हातही वर हलवता येत नाहीत, ते पाणी खाली दाबत राहतात. "तुला ऐकू आलं नाही, कारण आवाज झालाच नाही." मग म्हणाला, "आणि तू उडी मारली असतीस तर त्याने तुलाच धरलं असतं. मी आज दोघांना शोधलं असतं."

पोरगा तेव्हा पहिल्यांदा रडला. आता कॉलेजला जातो, जेवतो. बहिणीकडे येऊन बसतो. हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

खदानीला कुंपण अजून नाही. त्याचे अर्ज चालू आहेत, त्याचा त्रास तुम्हाला नको. तुम्ही जाताना सांगितलंत तसं पोरांनी काठावर खांब रोवून दोर आणि झाकण घट्ट लावलेले तेलाचे रिकामे कॅन टांगलेत. दोर नायलॉनचा आहे, पण ओल्या हातातून सुटतो अशी तक्रार आहे. कोणता घ्यावा? एखाद्या रविवारी सवड झाली तर येऊन बघून जा. पोरांना फेकायलाही शिकवा, सध्या कॅन निम्म्यातच पडतो. चहा आमच्याकडे.

आपला,
त्या मुलाचा मामा