अभिला पत्र

चि. अभि,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू "आई, ड्यूटीवर असल्यासारखं बोलू नकोस" म्हणून फोन ठेवलास. राग नाही. फोनवर मी नर्सबाई होते, असं अण्णाही म्हणतात. म्हणून लिहायला बसले, आणि साखरेबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय.

चारूने रिपोर्ट पाठवला नसता तर तू कळवलं असतंस का रे? एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.२. "साडेसहाच्या आत आहे ना," म्हणालास. आहे. पण ५.७ च्या वर, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे आणि तुला चौतिसावं चालू आहे. अण्णांना कळलं तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. झालं, लिहिलंच.

आणि "मी कुठे जाडा आहे" हे तर बोलूच नकोस. पुण्यातच केईएमच्या डॉ. याज्ञिकांनी आजूबाजूच्या सहा गावांतली बाळं मोजली होती. सरासरी २.७ किलोची. विलायती बाळांपेक्षा हाडामांसानं लहान, पण पाठीवरची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. आपण दिसायला काटक असतो, एवढंच. तुझा शर्ट पोटावर कसा बसतो ते मी गणपतीत पाहिलंय.

तुझं एक वाक्य मात्र मनात राहिलं. "सगळं कळतं गं, होत नाही." उपकेंद्रावर माझी उभी नोकरी या वाक्यासमोर गेली. लोहाच्या गोळ्या आठव. गरोदर बाईला शंभर गोळ्या द्यायच्या, ती हसत न्यायची, आणि घरभेटीला जावं तर फडताळात डब्यामागे जशाच्या तशा. तिला हिमोग्लोबिन समजावून उपयोग नसायचा, ते तिला पाठ असायचं. मळमळ आज व्हायची, शौचाला काळं उद्या व्हायचं, आणि फायदा काय, तर बाळंतपणात रक्त चढवायला लागलं नाही. न घडलेली गोष्ट कुणाला दिसते? त्यात सासू म्हणायची, गोळ्यांनी पोर मोठं होतं आणि अडतं. त्या घरात एकटीनं गोळी गिळायची म्हणजे रोज सासूशी भांडण. मग मी सांगायचे, रात्री जेवून भांडी आवरलीस की घे, चहाबरोबर नको, पाकीट मिठाच्या बरणीशेजारी ठेव. आणि सासूला म्हणायचे, मावशी, सुनेच्या हातावर गोळी ठेवायचं काम तुमचं. सगळ्यांनी घेतल्या असं नाही. पण पाकिटं रिकामी दिसायला लागली.

अण्णांचंच बघ. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणारा माणूस लोणंदला परतला की कोपऱ्यावरून पेपर आणायला स्कूटर काढायचा. वारीत पहाटे उठवायला दिंडी असते, मुक्काम ठरलेला असतो, तिथं न चालणारा वेगळा पडतो. घरी मात्र चालायला निघालं की "काय, डॉक्टरनं सांगितलं वाटतं?" असं विचारणारेच भेटतात. दीक्षितांचं दोन वेळचं जेवणही त्यांनी धरलं होतं, ५५ मिनिटांच्या हिशेबासकट. आठवडाभरात दुपारी चारला चहा-बटर परत आलं, कारण ती वेळ तात्यांबरोबर बसायची. तात्यांना कसं सोडणार?

तुझी दिंडी तर रात्री अकराला बिर्याणी मागवते. अमेरिकेचा कॉल संपतो तेव्हा भूक नसते, शीण असतो, हे मला कळतं. नाइट ड्यूटीनंतर मीही फरसाणाचा पुडा उभ्यानं संपवलाय. पण ते मागवणं बंद कर. भात कमी कर. लिफ्ट नको. सात तास झोप. फोन उशाशी नको. सकाळी...

बघ, यादी सुरूच झाली. माफ कर. सहा गोष्टी एकदम धरल्या की सहाही एकदम सुटतात, हे तुझ्या जिमच्या वर्षभराच्या फीवरून तुलाही ठाऊक आहे. ते एकवीस दिवसांत सवय लागते वगैरे मनावर घेऊ नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजवाल्यांनी ९६ माणसांवर ते पाहिलं. कुणाला १८ दिवस, कुणाला अंदाजानं २५४, मधला आकडा ६६. पाणी पिण्यासारखं सोपं लवकर बसतं, व्यायामाला फार वेळ लागतो. आणि एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडत नाही. तू एक दिवस चुकलास की सगळंच फेकतोस, लहानपणी चित्राचा कागद फाडायचास तसा.

नाहीतर तू काय कमी आहेस? सातारच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट पळत चढलास, तो फोटो अजून फ्रिजवर आहे, येणाऱ्या प्रत्येकाला मी दाखवते. तेव्हा पहाटे पाचला संत्या खोलीखाली शिट्टी मारायचा. तू शिट्टीला उठायचास, पळण्याला नाही. दोघं धुक्यात निघायचात आणि येताना पोहे खायचात, त्याचे पैसे कायम संत्याच द्यायचा. कुठे असतो तो आता? त्याला फोन कर. हिंजवडीत संत्यासारखा कोणीतरी असेलच. नसेल तर चारू आहे, पण तिला पहारेकरी करू नकोस. तीही दमून येते.

गणपतीत तू अंगणात अनवाणी फिरत होतास तेव्हा मी तुझ्यावर ओरडले, तुला वाटलं मोदकांवरून. नाही रे. मला अण्णांचा त्या वर्षीचा वारीतला फोड दिसला. त्यांच्या अंगठ्याचं ड्रेसिंग मी करायचे तेव्हा तू दारात थांबायचास, आत येत नव्हतास. मी तेव्हा काही बोलले नाही, आत्ताही बोलत नाही. फक्त पाय रोज बघत जा.

आजचं एवढंच मागणं. रात्रीचं जेवण कॉलच्या आधी. आठ वाजता, डबा समोर ठेवून, कॅमेरा बंद करून. बाकी सगळं राहू दे.

शिंदे काका शनिवारी पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर ज्वारीचं पीठ आणि जवसाची चटणी देते. चारूला भाकरी थापता येत नाही म्हणून तुम्ही पोळ्यावाल्या मावशींना सांगा, त्या करतील.

तुझी,
आई

ता. क. तीन महिने झाले की तपासणी पुन्हा करायची. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, ऑफिसातून येताना जेवलेल्या पोटीही रक्त देता येतं. तारीख ठरली की मला कळव. अण्णांना नको.